दोन दगड आणि चुंबकत्व

जयपूरच्या माझ्या घरी टेबलावर कागद दाबून ठेवण्यासाठी दोन दगड आहेत. एक मकराण्याचा शुभ्र संगमरवर. दुसरा सह्याद्रीवरून आणलेला काळा पाषाण. काळ्या दगडाची पूड करून तीत लोहचुंबक फिरविला, तर काही बारीक कण त्यास बिलगतात. संगमरवराची पूड जागची हलत नाही. तेव्हा एकात चुंबकत्व आहे व दुसऱ्यात नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ते खरे नव्हे.

अणूतील प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक अतिसूक्ष्म चुंबकच असतो. म्हणून प्रश्न चुंबक आहेत की नाहीत हा नसून, ते परस्परांशी कसे वागतात हा आहे.

संगमरवरात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळलेल्या असतात आणि जोडीतील एकाचा प्रभाव दुसरा नाहीसा करतो. बाहेरून चुंबक जवळ आणला, की इलेक्ट्रॉनांच्या गतीत किंचित फरक पडून विरुद्ध दिशेचे क्षीण चुंबकत्व उपजते व दगड नकळत दूर लोटला जातो. हे प्रतिचुंबकत्व होय. ते सर्वच पदार्थांत असते. मात्र पुष्कळदा इतर प्रकारांपुढे झाकले जाते.

प्राणवायूत काही इलेक्ट्रॉन बिनजोड उरतात. उष्णतेमुळे त्यांची तोंडे वाटेल तिकडे असतात. चुंबक जवळ येताच ती थोडी एका दिशेस वळतात आणि तो दूर होताच पुन्हा विस्कटतात. हे समचुंबकत्व.

लोखंडात मात्र शेजारशेजारचे अणू एकमेकांस एकाच दिशेस धरून ठेवतात. या एकजुटीचे मूळ पुंजयामिकीत आहे, हे हायझेनबर्ग यांनी १९२८ साली दाखविले. काळ्या पाषाणातील मॅग्नेटाइटमध्ये असे दोन गट परस्परविरुद्ध उभे असतात. पण ते समबल नसल्याने वरचढ गटाचे चुंबकत्व शिल्लक राहते.

सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या वर मॅग्नेटाइटमधील ही शिस्त मोडते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा निवाला, तेव्हा त्यातील कणांनी पृथ्वीच्या तत्कालीन चुंबकत्वाची दिशा व तिचा कल आपल्यात जपून ठेवला. हा कल विषुववृत्तापासूनच्या अंतराप्रमाणे बदलतो. तो मोजून क्लेग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली दाखविले, की त्या काळी आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती.

कचेरीतील जुनी दप्तरे वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडतात. टेबलावरचा हा काळा दगड मात्र आपल्या भूमीच्या प्रवासाची नोंद कोट्यवधी वर्षे सांभाळून आहे.