खेळाडू गेला, मोबदला कोणाला?

कोल्हापूर जिल्ह्यातील कबड्डीपटू सिद्धार्थ देसाई २०१९ च्या लिलावात मुंबईच्या संघाकडून हैदराबादच्या तेलुगू टायटन्सकडे गेला. बोली होती १ कोटी ४५ लाखांची. पैनगंगेच्या दक्षिणेस राहणाऱ्या आदिलाबादकर मराठी रसिकांना त्यामुळे तेलुगू संघात आपला माणूस लाभला. परंतु खेळाडू गेला, की मागे राहिलेल्याच्या पदरात काय पडते?

एक मार्ग अदलाबदलीचा. २००९ च्या हंगामापूर्वी श्रीरामपूरचा झहीर खान बंगळूरहून मुंबईस आला आणि रॉबिन उथप्पा तिकडे गेला.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलची रीत निराळी आहे. तेथे दरवर्षी नवोदितांची निवड पाळीपाळीने होते. तळाच्या संघाची पाळी प्रथम येते. मुदत संपून मोकळा झालेला मोठा खेळाडू गेल्यास जुन्या संघास पैसा नव्हे, एक जादा पाळी मिळू शकते. २०१३ साली लान्स फ्रँकलिन हॉथॉर्न सोडून सिडनीस गेला. हॉथॉर्न त्या वर्षीचा विजेता. त्यामुळे त्याची भरपाई एकोणिसाव्या क्रमांकावर आली. दुबळ्या संघास तीच फार वरची मिळाली असती.

हे सारे हिशेब संघासंघांतले झाले. जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमांत मात्र, खेळाडूच्या हस्तांतराच्या रकमेतील पाच टक्के वाटा त्याला बारा ते तेवीस वर्षांच्या वयात घडविणाऱ्या संस्थांसाठी राखलेला असतो. ज्या मातीत चढाई शिकली, त्या गावच्या क्रीडामंडळासही असा वाटा मिळावा, हेच न्यायाचे नव्हे काय?