गावाला निघण्याआधी फ्रिजकडे बघा

मागच्या मे महिन्यात आम्ही तीन आठवड्यांसाठी गावी गेलो. आधी गावातली जयंती, मग एकामागून एक दोन लग्नं. निघताना दार लावलं, गॅस बंद केला, पण फ्रिज चालूच ठेवला. बर्फाच्या कप्प्यात अर्धा किलो मटण होतं. परत आल्यावर पाहिलं तर मटण दगडासारखं घट्ट. चांगलं आहे असं समजून आम्ही ते शिजवलं. रात्री दोन्ही मुलांना उलट्या आणि जुलाब सुरू झाले. सकाळी शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अगं, मध्ये दोन दिवस आपल्या गल्लीत लाईटच नव्हती."

म्हणजे मटण वितळलं होतं, नासलं होतं आणि पुन्हा गोठलं होतं. थंडीमुळे जंतू मरत नाहीत, ते फक्त थांबतात. ऊब मिळाली की ते भराभर वाढतात. काही जंतू अन्नात असं विष सोडतात की, नंतर कितीही उकळलं तरी ते जात नाही. म्हणून "चांगलं शिजवलं होतं" एवढ्यावर विसंबून चालत नाही.

चालू ठेवायचा की बंद करायचा?

चार-पाच दिवसांसाठी नागपूरला किंवा पाहुण्यांकडे जाणार असाल, तर फ्रिज चालू राहू द्या. फक्त दूध, उरलेली भाजी, भिजवलेलं पीठ आणि मासळी संपवून निघा. दोन-तीन आठवड्यांहून जास्त दिवस जाणार असाल, तर फ्रिज रिकामा करून बंद करणंच बरं. आपल्याकडच्या एका दाराच्या छोट्या फ्रिजलाही रोज साधारण अर्धा युनिट वीज लागते. शिवाय वीज कमी-जास्त झाली तर बघायला घरात कुणी नसतं.

फ्रिज चालू ठेवणार असाल तर एक सोपी युक्ती करा. वाटीभर पाण्याचा बर्फ करा, त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी बर्फाच्या कप्प्यातच राहू द्या. परत आल्यावर नाणं वरच असेल, तर बर्फ टिकला असं समजा. नाणं खाली गेलं असेल, तर मधे सगळं वितळलं होतं. अशा वेळी त्या कप्प्यातलं मटण, मासे, चिकन टाकून द्या. वास येत नसला तरी टाका.

आठवडाभर आधीपासून

निघायच्या आठ दिवस आधी नवीन भाजी-मटण आणणं थांबवा. उरल्यासुरल्या भाज्यांची मिसळ भाजी करा, दुधाचा चहा-खीर करा, अंडी संपवा. आलं-लसणाचं वाटण, कोथिंबीर, लिंबं शेजारी देऊन टाका. तिखट, मसाला, सुकट, बोंबील घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात बाहेर ठेवा. नासलेलं अन्न निघायच्या आदल्या दिवशीच ओल्या कचऱ्यात टाका. बंद घरात ते राहिलं तर उंदीर-झुरळांना आमंत्रणच.

आदल्या दिवशी

प्लग काढा आणि बर्फ आपोआप वितळू द्या. खाली जुना टॉवेल आणि परात ठेवा. सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हरने बर्फ खरवडू नका. आतली गॅसची नळी फुटली तर दुरुस्तीचा खर्च मोठा येतो. नंतर एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा टाकून आतून सगळं पुसा. दाराच्या रबरी पट्टीच्या घड्या विसरू नका, काळी बुरशी तिथेच धरते. कोरड्या फडक्याने पुसून दार थोडं उघडं ठेवा. ते मिटू नये म्हणून मध्ये जाड फडकं अडकवा. ओलसर फ्रिज बंद करून गेलात तर आल्यावर बुरशी आणि कुबट वास ठरलेला.

परतायला जून उजाडणार असेल, तर फ्रिज विटांवर किंवा स्टँडवर घ्या. वस्तीत पाणी शिरलं तर आधी खालचा कॉम्प्रेसर बिघडतो.

मागचा ट्रे: डेंग्यूचं घर

फ्रिजच्या मागे, खालच्या बाजूला पाणी साचायचा एक ट्रे असतो. त्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो. तुम्ही गावाला असलात, तरी तो डास शेजारच्या लेकरांना चावतो. ट्रे ओता आणि घासून धुवा, कारण अंडी कडेला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. पिंप, बादल्या, कूलरसुद्धा रिकामे करून घासून पालथे घाला.

इन्सुलिन असेल तर

घरात कुणी इन्सुलिन घेत असेल, तर ते बंद फ्रिजमध्ये विसरू नका. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश थंडावा लागतो, पण बर्फ लागता कामा नये. एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरू नये. प्रवासात ते थंड पिशवीत, बर्फाला थेट न चिकटवता न्या. गावी फ्रिज नसेल तर बाटली कोरड्या प्लास्टिक पिशवीत बांधून छोट्या मडक्यात ठेवा. ते मडकं ओली वाळू भरलेल्या मोठ्या मडक्यात ठेवून सावलीत ठेवा आणि वाळू ओली राखा. उघडलेली बाटली किती दिवस चालते, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा औषधवाल्यांना विचारा.

परत आल्यावर

फ्रिज पुसून चालू करा, पण लगेच भरू नका. काही तास जाऊ द्या, आत चांगलं गार झालं की मग वस्तू ठेवा. शंका आली तर टाका. मटण फेकताना जीवावर येतं, हे खरं. आमच्या घरी मात्र ते वाचवायच्या नादात औषधांना त्याहून जास्त पैसे गेले, दोन दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळीच.

कुणाला उलट्या-जुलाब झालेच, तर ओआरएस पाजत राहा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. लेकरू सुस्त पडलं, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त आलं, तर वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.