पाण्यात विझणारा दिवा

पेशीतला डीएनए पाहण्यासाठी रंगद्रव्य वापरायचे, तर ते फक्त डीएनएपाशीच चमकायला हवे. सगळीकडेच चमकले, तर डीएनए नेमका कुठे आहे हे कसे कळणार? या अडचणीवर १९९० साली जॅकलिन बार्टन, झाँ-पिएर सोवाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेले उत्तर मला रसायनशास्त्रातले एक देखणे उत्तर वाटते.

त्यांच्या संयुगात मध्यभागी रुथेनियम हा धातू असतो आणि त्याला पंख्याच्या पात्यांसारखे तीन सेंद्रिय रेणू जोडलेले असतात. त्यांतले एक पाते लांब आणि सपाट. निळा प्रकाश पडला की धातूतला एक इलेक्ट्रॉन पात्यांकडे सरकतो. पाण्यात असताना लांब पात्यावरच्या दोन नायट्रोजन अणूंना पाण्याचे रेणू बिलगतात आणि शोषलेली ऊर्जा प्रकाश न देताच उष्णता होऊन निघून जाते. डीएनए जवळ असेल, तर तेच पाते पुस्तकाच्या पानांत बोट घालावे तसे त्याच्या दोन पायऱ्यांमध्ये शिरते. तिथे नायट्रोजनला पाण्यापासून आडोसा मिळतो आणि संयुग तांबूस उजळते.

पेशीची स्वतःचीही थोडी चमक असते. पण ती काही नॅनोसेकंदांत मावळते. रुथेनियमची चमक त्याहून बरीच जास्त टिकते. त्यामुळे क्षणभर थांबून पाहिले, की उरतो तो बहुतांशी डीएनएचाच प्रकाश.

मात्र हे मूळ संयुग जिवंत पेशीत सहजी शिरत नव्हते. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठातील जिम थॉमस आणि सहकाऱ्यांनी दोन रुथेनियम अणूंचे संयुग जिवंत पेशींच्या केंद्रकापर्यंत पोचवून दाखवले. डीएनए नेहमीच्या दुहेरी गोफाऐवजी चौपदरी घडीत असला, तर या संयुगाच्या प्रकाशाचा रंगही बदलतो. म्हणजे डीएनए कुठे आहे याबरोबरच तो कोणत्या रूपात आहे, याचाही सुगावा लागतो.

इथेच खरा पेच आहे. डीएनएला घट्ट चिकटणारा रेणू त्याच्या कामात अडथळाही आणू शकतो. म्हणूनच या कुळातल्या संयुगांचा कर्करोगावरील संभाव्य औषधे म्हणूनही अभ्यास होतो. ज्या गुणामुळे डीएनए दिसतो, त्याच गुणामुळे तो बिघडूही शकतो. त्यामुळे उजळलेल्या केंद्रकाचे छायाचित्र समोर आले की मी दोन गोष्टी विचारतो : ही पेशी जिवंत होती का? आणि दिवा आत गेल्यावरही ती पूर्वीसारखीच वागत होती का?