न दिसणाऱ्या अणूबद्दल आपल्याला कसे कळले?

मागच्या वेळी आपण अनुमान या प्रमाणाचा विचार केला. पर्वतावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असे आपण म्हणतो, अग्नी दिसत नसला तरी. आज तेच सूत्र धरून शाळेतल्या एका धड्याकडे वळू: अणूची रचना. तत्त्वज्ञानाच्या माणसाने रसायनात का शिरावे, असे कुणी म्हणेल. कारण असे, की मुले हा धडा पाठ करतात, गुणही मिळवतात, पण 'हे कशावरून?' विचारले की गप्प होतात. 'कशावरून' सांगता येत नसेल, तर ती फक्त ऐकीव माहिती झाली.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. मराठी पाठ्यपुस्तकात ज्याला अणू म्हणतात, त्याला हिंदीत परमाणु म्हणतात. आणि आपला रेणू तिकडे अणु होतो. वैशेषिकांचा शब्दही परमाणूच. त्यांचा युक्तिवाद पाहा. वस्तूचे तुकडे करणे कुठेच थांबले नाही, तर मेरू पर्वत आणि मोहरीचा दाणा, दोघांचेही अवयव अनंत ठरतील. मग लहान-मोठे हा भेद कशाच्या आधारावर करायचा? म्हणून कुठेतरी थांबलेच पाहिजे. युक्तिवाद सुरेख आहे, पण नेमके कुठे थांबायचे हे नुसत्या तर्काने ठरत नाही. १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी ऋणप्रभार असलेला इलेक्ट्रॉन शोधला, आणि रसायनशास्त्राच्या अणूलाही अवयव आहेत हे कळले.

ते अवयव आत कसे मांडलेले आहेत? मँचेस्टरला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या अतिपातळ पत्र्यावर धनप्रभारित अल्फा कण सोडले. बहुतेक कण सरळ पार गेले. पण सुमारे २०,००० कणांत एखादा चक्क मागे फिरला!

आता समजा, अंधारात एका मांडवात आपण चेंडू फेकतोय. जवळजवळ सगळे पलीकडे जातात, क्वचित एखादा उलट येतो. न पाहताही आपण काय म्हणू? मांडव बहुतेक रिकामा आहे, पण आत कुठेतरी भक्कम खांब आहे. रदरफर्ड यांनी १९११ साली असेच अनुमान केले. तो खांब म्हणजे केंद्रक. अणूचे जवळजवळ सगळे वस्तुमान आणि सगळा धनप्रभार तिथे एकवटलेला. अणू केंद्रकाच्या निदान दहा हजार पट मोठा असतो. केंद्रक मोहरीएवढे धरले, तर अणू मोठ्या मांडवाएवढा होईल.

केंद्रकात प्रोटॉन असतात, आणि १९३२ साली चॅडविक यांनी शोधलेले न्यूट्रॉनही. प्रोटॉन किती, यावर मूलद्रव्य ठरते. ११ असले तर सोडियम, १७ असले तर क्लोरीन. सोडियमच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, १. क्लोरीनची २, ८, ७. एकाकडे एक जास्तीचा, दुसऱ्याला एक कमी. तो एक इलेक्ट्रॉन इकडून तिकडे गेला, की आपल्या ताटातले मीठ तयार होते.

शेवटी एक सावधगिरी. पुस्तकात सूर्याभोवती ग्रह फिरावेत तसे चित्र असते. पण प्रभारित कण तसा फिरत राहिला, तर जुन्या भौतिकशास्त्राप्रमाणे तो ऊर्जा गमावून केंद्रकात कोसळायला हवा. म्हणून १९१३ साली बोर यांनी ठराविक ऊर्जेच्याच कक्षा मानल्या, आणि पुढे पुंजयामिकीत त्या रेखीव कक्षाही गेल्या. आता इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढेच सांगता येते. धुरावरून अग्नी आहे हे कळते, त्याच्या ज्वाळेचा आकार कळत नाही. आपले चित्र बदलले, म्हणून अनुमान फसले असे नव्हे. केंद्रक आहे, हा निष्कर्ष आजही टिकून आहे.

तेव्हा घरी कुणी हा धडा पाठ करत असेल, तर त्याला एवढेच विचारा: बाळ, तो एक कण मागे का फिरला असेल?