रिकामी वाटी परत करायची नाही

अर्नाळ्याच्या वाळूत उभं राहून समुद्रातल्या किल्ल्याकडे पाहिलं, की तटाच्या पायथ्याशी चालणारी माणसं बोटाच्या पेराएवढी दिसतात. सोबतच्या लहान मुलाला एवढं पुरतं. ते एक डोळा मिटून चिमूट पुढे धरतं आणि त्यातलं एक माणूस अलगद उचलतं. होडीतून पलीकडे उतरलं, की माणसं आपल्याएवढीच निघतात. मागे वळून पाहावं, तर आता किनारा चिमटीत मावतो.

मेरी नॉर्टन या इंग्रज लेखिकेची नजर लहानपणी अधू होती. दूरचं दिसत नसे, म्हणून इतर मुलं डोंगर-आकाश बघत तेव्हा ती कुंपणाच्या बुंध्याशी, गवताच्या मुळाशी बघत राही. तिथून वीतभर माणसं तिच्या मनात शिरली. १९५२ साली तिची ‘द बॉरोअर्स’, म्हणजे ‘उसनं नेणारे’, ही कादंबरी आली. जुन्या घड्याळाखाली, लाकडी जमिनीच्या पोटात पॉड, होमिली आणि त्यांची मुलगी ॲरिएटी राहतात. टीपकागदाचा गालिचा, काड्यापेट्यांचे खण, भिंतीवर टपाल तिकिटांतल्या राणीच्या तसबिरी. घरातल्या टाचण्या जातात कुठे, या प्रश्नाचं इतकं समाधानकारक उत्तर दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

त्यांना एकच धास्ती असते, मोठ्या माणसांच्या नजरेला पडण्याची. दिसलं की बिऱ्हाड हलवावं लागतं. जादू, पऱ्या, मंत्र यांतलं काहीच इथे नाही. आहे तो पोटापाण्याचा उद्योग, आणि म्हणूनच ही गोष्ट खरी वाटते. २०१० साली जपानच्या स्टुडिओ जिब्लीने तिच्यावर ‘ॲरिएटी’ हा चित्रपट काढला. घर जपानी झालं, बाग जपानी झाली, तरी गोष्ट उपरी वाटली नाही.

आपल्याकडे अंगठ्याएवढी माणसं फार आधीपासून आहेत. महाभारताच्या आदिपर्वात वालखिल्य ऋषी सगळे मिळून पळसाची एक काडी वाहून नेत असतात आणि गाईच्या खुराने पडलेल्या खळग्यातल्या पाण्यात गटांगळ्या खातात. इंद्र त्यांना हसून पुढे निघून जातो. अपमानाने पेटलेले ऋषी दुसरा इंद्र घडवण्यासाठी यज्ञ मांडतात आणि त्या तपाचं फळ म्हणून गरुड जन्मतो. खुराएवढं डबकं ज्याला समुद्राएवढं दिसलं, तो कथाकार नक्कीच गुडघ्यांवर बसला असणार.

घरातही हा खेळ आहेच. भातुकलीतली बोटभर कढई आहे, गौरी येतात तेव्हा उंबऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत उमटणारी रांगोळीची पावलं आहेत, आणि दिवाळीचा किल्ला आहे. अळिवाचं रान, मातीचे मावळे. मावळा दरवाजापेक्षा उंच असला तरी कुणाची हरकत नसते. पण किल्ल्याकडे मूल वरून बघतं, तिथे ते राजाहून मोठं असतं. नॉर्टनची गोष्ट त्याला खाली उतरवते आणि खाटेच्या खालून घर बघायला लावते. मला हे खाली उतरणं अधिक मोलाचं वाटतं.

मग अशी गोष्ट आपल्याकडे रचायची, तर अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातलं एखादं घर घ्या. तिथली वीतभर माणसं जाळ्याच्या फाटक्या तुकड्याची शिडी करतील. शिंपली हे त्यांचं ताट, जाळ्याचा बोया म्हणजे तराफा, आणि एक सुका बोंबील अख्ख्या पावसाळ्याची बेगमी. माशांच्या वासावर टपलेली मांजर हा त्यांचा राक्षस. बोली कोळीवाड्याचीच.

एक मात्र बदलावं लागेल. नॉर्टनची माणसं ‘उसनं’ नेतात आणि परत करत नाहीत. मोठी माणसं आपल्यासाठीच आहेत, अशी त्यांची समजूत आहे. आपल्याकडे शेजारून आलेली वाटी रिकामी पाठवत नाहीत. मराठी वीतभर माणसाने टाचणी नेली, तर तो तिच्या जागी काहीतरी ठेवून जाईल. काय ठेवेल, तिथून आपली गोष्ट सुरू होते.

पुढच्या वेळी घरात बटण हरवलं, तर शोधायची घाई करू नका. मुलाला विचारा, ते कुणी नेलं आणि बदल्यात काय ठेवलं. ते सांगेल तसं, त्याच्याच शब्दांत, वहीत उतरवून ठेवा.