रिंगणातला नाच – लेखांक ६ : अठरा विरुद्ध शून्य

पॅरिस ऑलिंपिकच्या ब्रेकिंग स्पर्धेत ९ ऑगस्ट २०२४ रोजी ऑस्ट्रेलियाची रेगन, म्हणजे रेचल गन, आपल्या गटातले तिन्ही सामने १८-० असे हरली. त्यानंतर जगभर तिची टिंगल झाली आणि ‘शून्य गुण’ हे शब्द तिला कायमचे चिकटले. परीक्षकांनी तिच्या नाचाची किंमत शून्य ठरवली, असा अर्थ लोकांनी घेतला. तो चुकीचा आहे. का चुकीचा, हे कळलं की बॅटलचं, म्हणजे आमनेसामने नाचायच्या सामन्याचं, परीक्षण निम्मं कळलं.

पॅरिसला नऊ परीक्षक होते. गटातल्या सामन्यात प्रत्येकी दोन राउंड आणि दर राउंडला प्रत्येक परीक्षकाचं एक मत, अशी अठरा मतं. परीक्षकासमोरच्या पडद्यावर पाच आडव्या पट्ट्या: तंत्र, मूव्हचा साठा, सफाई, संगीताची जाण आणि स्वतंत्रपणा. प्रत्येकीला २० टक्के वजन. पट्टीवरची खूण सुरुवातीला मध्यावर असते. जी सरस वाटली तिच्या बाजूला ती सरकवायची. थोडी सरस असेल तर थोडी, बरीच असेल तर बरीच. पाचही पट्ट्यांची बेरीज जिच्याकडे झुकेल तिला त्या परीक्षकाचं मत मिळतं. मग हा झुकाव निसटता असो की एकतर्फी, मत एकच. ‘हिला दहापैकी किती?’ हा प्रश्न या पद्धतीत कुणी विचारतच नाही. रेगनसमोर अमेरिकेची लॉजिस्टिक्स, फ्रान्सची सिसी आणि लिथुआनियाची निका होती. निकाने पुढे रौप्यपदक जिंकलं. नऊही परीक्षकांना दोन्ही राउंडमध्ये समोरची सरस वाटली, एवढंच १८-० सांगतं. किती सरस, हे त्या आकड्यात नाही.

मला ही तुलनेची पद्धत योग्य वाटते. आपल्याकडच्या कॉलेजच्या आणि टीव्हीवरच्या स्पर्धांत नाच बसवलेला असतो, गाणं महिनाभर आधी ठरलेलं असतं, आणि प्रत्येकाला स्वतंत्र गुण देता येतात. बॅटलमध्ये यातलं काहीच नसतं. डीजे कोणता ट्रॅक लावणार हे नाचणाऱ्याला ठाऊक नसतं. समोरच्याने नुकतं काय करून दाखवलं, त्याला जागच्या जागी उत्तर द्यायचं असतं. ज्यांनी कलगी-तुऱ्याचा सामना ऐकलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको: तिथे सवाल कसा होता हे विसरून जवाब तोलता येत नाही. म्हणून एकट्या राउंडला गुण देणारा परीक्षक बॅटल पाहतच नसतो, असं माझं मत आहे.

निकष मात्र आधीपासून हेच पाच नव्हते. २०१८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या युवा ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग प्रथम आलं तेव्हा जर्मनीचा स्टॉर्म आणि इंग्लंडचा रेनेगेड यांनी घडवलेली ‘ट्रिव्हियम’ पद्धत वापरली गेली. शरीर, बुद्धी आणि आत्मा अशी तिची तीन अंगं, प्रत्येकात दोन निकष. दोघेही मुरलेले ब्रेकर. त्यांना भीती होती ती ब्रेकिंगचं जिम्नॅस्टिक्स होण्याची, म्हणून त्यांनी कसरतीला एकाच अंगात बांधून ठेवलं.

ती भीती रास्तच होती. हेडस्पिन किंवा फ्लेअरसारखी पॉवर मूव्ह, म्हणजे ताकदीची गिरकी, सुरू झाली की प्रेक्षक ओरडतात, आणि त्या आवाजाने परीक्षकाचा हात सरकतो. पॉवर मूव्ह अवघड असतात, त्यांचं श्रेय द्यायलाच हवं. पण ते तंत्राच्या पट्टीत, एकदाच. तीच हेडस्पिन तीन राउंडमध्ये तीनदा आली तर मूव्हचा साठा तोकडा आहे. ती तालाकडे पाठ फिरवून आली असेल तर संगीताच्या पट्टीवर समोरच्याचं पारडं जड व्हायला हवं. मुळात हा नाच जन्मला तोच गाण्याच्या ब्रेकसाठी. सत्तरच्या दशकात ब्राँक्समधल्या पार्ट्यांत डीजे कूल हर्कने गाण्यातला तालवाद्यांचा तुकडा लांबवत नेला आणि पोरं त्या तुकड्यावर उतरायची. संगीताची जाण म्हणजे दर ठोक्याला हात झटकणं नाही. बासची ओळ पायांत धरणं, ब्रास आला की दिशा बदलणं, ट्रॅक थांबणार हे ओळखून नेमका तिथे फ्रीझ घेणं, म्हणजे एका पोझमध्ये थिजणं, हे सगळं त्यात येतं. परीक्षकाने एखादा राउंड तरी डोळ्यांइतकाच कानांनी पाहावा.

आता स्वतंत्रपणाची पट्टी. नोव्हेंबर २०१९ मध्ये रेड बुल बीसी वन या ब्रेकिंग स्पर्धेची जागतिक अंतिम फेरी मुंबईत झाली. नेदरलँड्सच्या मेनोने ती तिसऱ्यांदा जिंकली. त्याची ओळख ताकदीपेक्षा अनपेक्षित वळणांची आहे: हातापायांच्या गाठी घालत तो अशा जागेतून बाहेर पडतो की पुढची हालचाल कुठून येणार याचा अंदाज लागत नाही. आपल्या पोरांनी मेनोच्या नकला करण्याआधी एक लक्षात घ्यावं: ब्रेकिंगमध्ये नक्कल हा गुन्हा आहे. त्याला ‘बाइट’ म्हणतात. जमिनीवरची सिक्स-स्टेप सगळ्यांची, टॉपरॉकची, म्हणजे उभ्याने नाचायची, मूळ पावलंही सगळ्यांची. पण एखाद्याने घडवलेली खास मूव्ह त्याचीच. हा फरक ओळखायला परीक्षकाने वर्षानुवर्षं बॅटल पाहिलेल्या असाव्या लागतात. म्हणूनच परीक्षक ब्रेकरच हवा. सिनेमातला नामवंत कोरिओग्राफर आयोजकांना पोस्टरसाठी मोलाचा वाटतो, पण बाइट त्याच्या नजरेतून निसटते आणि जिची मूव्ह चोरली गेली तीच मुलगी हरते.

क्रॅशबद्दल, म्हणजे मूव्ह फसून पडण्याबद्दल, मतभेद आहेत. मी धोका पत्करणाऱ्याच्या बाजूने आहे. पडला तर सफाईत नुकसान होऊ द्या, पण पडल्या जागेवरून त्याने ताल न सोडता नवी हालचाल काढली असेल तर तीही बघा. आठ सोप्या मूव्ह स्वच्छ करणाऱ्याला आपोआप जिंकवलं तर पुढच्या बॅटलमध्ये कुणीच अवघड काही करणार नाही.

छोट्या बॅटलमध्ये पडदे आणि पट्ट्या नसतात, त्यांची गरजही नाही. तीन किंवा पाच जज, आणि आकडे मोजून सगळ्यांचे हात एकदम वर, म्हणजे शेजाऱ्याचा हात बघून आपला ठरवता येत नाही. हात छातीशी आडवे धरले की बरोबरी, आणखी एक राउंड. आपला विद्यार्थी किंवा आपल्याच क्रूमधला मुलगा उतरला की त्या जजने त्या सामन्यापुरतं बाजूला व्हावं. आयोजकाने एक राखीव जज ठेवला तर हे सहज जमतं. आणि जजने प्रत्येक राउंड संपताच कागदावर एक ओळ लिहावी. तसं केलं नाही तर शेवटच्या राउंडची सावली पहिल्यावर पडते. शिवाय हरलेली मुलगी नंतर जवळ येऊन ‘सर, काय कमी पडलं?’ असं विचारते, तेव्हा तिला ‘एनर्जी’सारखा पोकळ शब्द न देता दुसऱ्या राउंडमधली नेमकी जागा दाखवता येते.

ऑल-स्टाइल्स, म्हणजे वेगवेगळ्या शैली आमनेसामने येणाऱ्या, बॅटलचा प्रश्न यापेक्षा कठीण आहे. पॉपिंग करणाऱ्यासमोर हाउस नाचणारी उभी राहिली तर ब्रेकिंगचे पाच निकष जसेच्या तसे चालत नाहीत. पॉपरच्या स्नायूंचा झटका किती स्वच्छ, हाउसच्या पायांतली लय किती सैल आणि तरीही नेमकी, हे ज्याच्या त्याच्या शैलीच्या व्याकरणात तपासावं लागतं. त्यानंतर दोघांनाही एकच प्रश्न लागू होतो: याच ट्रॅकवर, समोरच्याच्या राउंडनंतर, कुणी जास्त काही सांगितलं? त्यासाठी पॅनलवर दोन्ही शैलींचा किमान एकेक जाणकार हवा, आणि तो मिळत नसेल तर त्या दिवशी ऑल-स्टाइल्स ठेवू नये.

ट्रॅक निवडणारा डीजे नकळत निकाल कसा फिरवू शकतो, ते पुढच्या आठवड्यात.