एका संकराची गोष्ट आणि त्याचे वर्णनपत्र : सुरतचा ‘संकर-४’ कापूस

प्रस्तावना

बारडोली म्हटले की मराठी वाचकाला १९२८ चा सत्याग्रह आठवतो. सारावाढीविरुद्धचा हा लढा होता. बंदोबस्त अधिकाऱ्याने ३० टक्के वाढ सुचविली होती, मुंबई सरकारने ती २२ टक्क्यांवर आणली आणि नंतरच्या ब्रूमफिल्ड-मॅक्सवेल चौकशीत ती सुमारे ६ टक्क्यांपर्यंत खाली आली. वाढीच्या समर्थनार्थ जी कारणे पुढे केली गेली, त्यांत कापसाचे चढलेले भाव आणि तापी व्हॅली रेल्वे ही दोन ठळक होती. म्हणजे त्या लढ्याच्या मुळाशी या काळ्या जमिनीत पिकणारा कापूसही होता, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

आज बारडोलीत कापूस शोधावा लागतो. १९५४ साली काकरापार बंधारा पुरा झाला, १९७२ मध्ये उकाई धरण झाले, कालव्यांचे पाणी आले आणि शिवार उसाचे झाले. ऊसतोडीला खानदेशातून व डांगातून टोळ्या येतात, त्यामुळे हंगामात बारडोलीच्या बाजारात मराठी, अहिराणी सहज कानावर पडते. ज्या रेल्वेमुळे सारा वाढला, तीच रेल्वे बारडोलीहून व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर करीत जळगावला पोहोचते. या मार्गाच्या पश्चिम टोकाला सुरत आहे. तेथील कापूस संशोधन केंद्रात १९७० साली प्रसारित झालेल्या एका वाणाने भारतातील कापसाची शेती कायमची बदलली. त्या वाणाचे नाव हायब्रीड-४, गुजरातीत ‘संकर-४’, आणि आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या तोंडी नुसते ‘एच-४’. नवा वाण तयार करणे म्हणजे नेमके काय आणि त्याचे वर्णन लिहून ठेवणे का आवश्यक असते, हे या उदाहरणावरून पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

नवा वाण म्हणजे काय ?

प्रथम एक सोपे उदाहरण घेऊ. महाबळेश्वर-पाचगणीला जी स्ट्रॉबेरी पिकते, ती निसर्गात रानात उगवलेली नाही. फ्रेझिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने १७१४ मध्ये चिलीहून मोठ्या फळाची रोपे फ्रान्सला नेली. तेथे उत्तर अमेरिकेतून आलेल्या दुसऱ्या जातीशी त्यांचा आपोआप संकर झाला आणि त्यातून आजची स्ट्रॉबेरी निर्माण झाली. १७६६ मध्ये द्युशेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने हा संकर ओळखला. आपल्याकडे लावला गेलेला ‘चँडलर’ हा वाण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, ‘स्वीट चार्ली’ फ्लोरिडाचा. दोन निवडक झाडांचा संकर करायचा, त्यातून हजारो रोपे वाढवायची आणि वर्षानुवर्षे पारखून त्यांतले एक ठेवायचे, ही त्यामागची पद्धत. एकदा ते एक रोप हाती लागले की पैदासकाराचे अवघड काम संपते. स्ट्रॉबेरीला धुमारे फुटतात, प्रत्येक धुमाऱ्याचे रोप हुबेहूब मूळ झाडासारखे असते. संकर आयुष्यात एकदाच करायचा, पुढे नुसती वाढ.

कापसाला ही सोय नाही. कापूस सरकीपासून येतो, आणि संकरित झाडाच्या सरकीतून संकरित झाड येत नाही. येथेच सगळी अडचण आहे, आणि सुरतच्या कामाचे मोलही येथेच आहे.

दोन शुद्ध पण भिन्न वंशांचा संकर केला असता पहिल्या पिढीतील झाडे बहुधा आईबापांहून जोमदार असतात. या जोमाला संकरओज म्हणतात. मक्याच्या बाबतीत अमेरिकेत त्याचा मोठा लाभ घेतला गेला आणि आपल्याकडेही १९६१ पासून संकरित मका, नंतर ज्वारी व बाजरी आली. कापसातही असा जोम दिसतो, हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. प्रश्न व्यवहाराचा होता. मक्याचा तुरा वर आणि कणीस खाली, त्यामुळे तुरा खुडला की काम झाले. कापसाच्या फुलात मात्र पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच नळीत गुंतलेले असतात. प्रत्येक फूल हाताने उघडून त्यातला नरभाग काढल्याखेरीज संकर होत नाही. एवढी मजुरी कोणाला परवडणार, म्हणून जगभर हा विचार सोडून दिला गेला होता.

सुरतचे काम

डॉ. चंद्रकांत पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरतला हा विचार सोडला नाही. ‘गुजरात-६७’ हा मादी वाण आणि ‘अमेरिकन नेक्टरीलेस’ हा नर वाण यांच्या संकरातून त्यांनी ‘संकर-४’ उभा केला. व्यापारी प्रमाणावर लावला गेलेला हा जगातील पहिला संकरित कापूस. दोन्ही पालक अमेरिकन कापसाच्या एकाच जातीचे. पाठोपाठ १९७२ मध्ये धारवाडला कटारकी यांनी दोन भिन्न जातींचा संकर करून ‘वरलक्ष्मी’ काढला. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात दोन्ही पोहोचले. पुढे नांदेडचा एनएचएच-४४ व अकोल्याचे पीकेव्ही मालिकेतील संकर ही आपली महाराष्ट्राची भर.

सुरतकरांचे यश केवळ चांगला जोड सापडण्यात नव्हते. त्यांनी एक हिशेब मांडून दाखविला. संकरित झाड पसरट व मोठे होते, म्हणून दूर दूर लावावे लागते आणि एकरी बियाणे थोडे पुरते. शिवाय एका फुलाच्या संकरातून एक बोंड, म्हणजे २५-३० सरक्या मिळतात. अलीकडे एका एकरासाठी ४५० ग्रॅमची पिशवी विकली जात असे, तिचाच ढोबळ हिशेब करून पाहू. शंभर सरक्यांचे वजन ८ ग्रॅम धरले तर पिशवीत साडेपाच हजारांवर सरक्या येतात, म्हणजे सुमारे २०० बोंडे. हाताने फळविलेल्या फुलांपैकी निम्मी गळाली असे मानले तर ४०० फुले. एका एकराच्या पेरणीमागे ४०० फुलांवर कुणाच्या तरी अंगठ्याचे नख फिरलेले असते.

फुलावरची मेहनत

ही क्रिया बारकाईने समजून घेण्यासारखी आहे. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर ओळखू येते, कारण पाकळ्यांचा फिकट पिवळसर सुळका हिरव्या पात्यातून वर डोकावतो. कळी बोटांत धरून बुडाशी अंगठ्याच्या नखाने अलगद गोल चीर द्यायची आणि पाकळ्यांसह पुंकेसरांची नळी पिळून वर ओढून घ्यायची. मागे उरते ती बीजकोशावरची नाजूक कुक्षी. नख खोल गेले तर बोंड गळते, वरवर गेले तर परागाच्या पिशव्या राहून जातात आणि स्वपरागीकरण होते. मोकळ्या कुक्षीवर लाल कागदाची नळी चढवितात. तिने परका पराग अडतो, आणि दुसऱ्या दिवशी हिरव्या शेतात ते फूल लांबूनही दिसते.

सकाळी नर ओळीतली उमललेली फुले आणून त्यांचा पराग या कुक्षींवर चोळतात. एक नर फूल चार-पाच मादी फुलांना पुरते. मग देठाला दोरा बांधायचा. मादी झाडावर पूर्ण पाकळ्यांचे फूल दिसले तर ते चुकलेले समजावे व खुडून टाकावे. अमेरिकन कापसाचे फूल पहिल्या दिवशी मलईच्या रंगाचे असते व दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, त्यामुळे कालची चूकही लपत नाही. हे काम न चुकता दोन-अडीच महिने रोज करावे लागते.

‘मजुरी परवडणार नाही’ हा जगाचा आक्षेप भारतात गैरलागू ठरला, कारण येथे मजुरी स्वस्त होती. ही गोष्ट अभिमानाने सांगावी की संकोचाने, असा प्रश्न मला पडतो. बोटे लहान असली तर फूल दुखावत नाही, असे म्हणत बीजोत्पादनाच्या शेतांत लहान मुलांना, त्यातही मुलींना, कामाला लावले गेले. आंध्रातील अशा शेतांविषयी १९९० च्या दशकाअखेर अहवाल आले. राजस्थानच्या डुंगरपूर-उदयपूर भागातून उत्तर गुजरातच्या शेतांवर मुले नेली जातात, हेही पुढे उघड झाले. हंगाम पावसाळ्याअखेरचा, म्हणजे शाळा ऐन भरात असतानाचा. २०१६ च्या कायदेदुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी झाली, मात्र शाळेबाहेरच्या वेळात घरच्या कामास मुभा राहिली. शेत घरचे की करारावर घेतलेले, हे कोण तपासणार ? लांब धाग्याच्या कौतुकात ही बाजू झाकली जाऊ नये. नरवंध्य मादी वाणांच्या आधारे नख न लावता संकर करण्याचे प्रयत्न सुगुणा (१९७८) व पीकेव्ही हायब्रीड-३ (१९९३) या वाणांतून झाले, पण हाताने होणारा संकर त्यामुळे मागे पडला नाही.

दुसऱ्या पिढीत काय होते ?

शेतकरी विचारतो, “पीक एवढे चांगले आले, मग त्याचीच सरकी पुढच्या वर्षी का लावू नये ?” ‘संकर-४’ च्या नर वाणाच्या नावातच उत्तराचा एक धागा आहे. नेक्टरी म्हणजे पानाच्या मागील शिरेवरची मधुग्रंथी. अशी ग्रंथी नसलेला कापूस अमेरिकन पैदासकारांनी हवाई बेटांवरील रानटी कापसाचा गुण आणून तयार केला. ग्रंथी नसणे हा गुण दोन जनुकजोड्यांवर अवलंबून आहे आणि दोन्ही जोड्या अप्रभावी असतील तरच तो प्रकट होतो. त्यामुळे ग्रंथीयुक्त वाणाशी संकर केला की पहिल्या पिढीतील सर्व झाडांना ग्रंथी असतात. दुसऱ्या पिढीत मात्र सोळा झाडांमागे सरासरी एक झाड ग्रंथीविना निघते. हा एका गुणाचा हिशेब झाला. धाग्याची लांबी, बोंडाचे वजन, पक्वतेचे दिवस हे गुण कितीतरी जनुकांवर ठरतात, तेव्हा त्यांची वाटणी किती विस्कटत असेल याची कल्पना करावी. एकसारखे शेत जाऊन खिचडी होते. म्हणून बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, आणि घरच्या सरकीवर चालणारा शेतकरी १९७० नंतर हळूहळू दुकानाच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला.

वर्णनपत्राची गरज

बियाणे पिशवीतून येऊ लागले की पिशवीत काय आहे हा प्रश्न उभा राहतो. सरकी पाहून वाण ओळखता येत नाही. म्हणून वाणाचे वर्णन लागते. रोपाच्या खोडावर लाली आहे की नाही, पान रुंद की भेंडीसारखे चिरलेले, पानावर लव किती, पाकळीच्या तळाशी ठिपका आहे का, पराग पिवळा की फिकट, कुक्षी पुंकेसरांच्या वर येते की आतच राहते, बोंड गोल की निमुळते, त्याची पाठ गुळगुळीत की खड्ड्यांची, आणि शेवटी धाग्याची लांबी, ताकद, तलमपणा. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार नव्या वाणाला तीन कसोट्या पार कराव्या लागतात : तो इतरांहून वेगळा असावा, आपसात एकसारखा असावा आणि पिढ्यान्‌पिढ्या स्थिर राहावा. संकरित वाणाची स्थिरता त्याच्या पालक वंशांवर अवलंबून असते, म्हणून त्यांचीही नोंद ठेवावी लागते. पिकांच्या वाणांना हे संरक्षण १५ वर्षे मिळते.

वर्णन अपुरे असेल तर काय घडते, हे गुजरातनेच २००१ मध्ये पाहिले. ‘नवभारत-१५१’ या नावाने विकला गेलेला संकर बोंडअळीच्या वर्षात ताठ उभा राहिला, तेव्हा संशय येऊन तपासणी झाली आणि त्यात परवानगी नसलेले बीटी जनुक सापडले. देशात बीटी कापसाला अधिकृत मान्यता मिळाली ती मार्च २००२ मध्ये. म्हणजे अळीने जे दाखविले, ते पिशवीवर लिहिलेले नव्हते.

वर्णनपत्र दुधारी असते, हेही सांगितले पाहिजे. २०१९ मध्ये उत्तर गुजरातेतील बटाटा उत्पादकांवर एका बहुराष्ट्रीय कंपनीने नोंदणीकृत वाण लावल्याबद्दल दावे लावले, त्यांपैकी चौघांकडे प्रत्येकी एक कोटीहून अधिक रुपयांची मागणी होती. गदारोळ झाल्यावर दावे मागे घेतले गेले. नोंदणी २०२१ मध्ये रद्द झाली आणि २०२४ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. या कायद्याच्या कलम ३९ ने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, एवढेच नव्हे तर छापील नाव न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे. तो प्रत्येक कापूसपट्ट्यात माहीत असावयास हवा. संकरित कापसाच्या बाबतीत मात्र हा हक्क कागदावरच उरतो, कारण राखलेल्या सरकीत तो वाणच उरत नाही. एक निसर्गाने घातलेले कुलूप, त्याला वकील लागत नाही.

आज ब्राझील व ऑस्ट्रेलियात ठेंगण्या, सरळ वाणांची दाट लागवड होते व उत्पादन आपल्या कितीतरी पट येते. आपल्याकडे दाट लागवड करायची तर बियाणे जास्त लागते आणि संकराची पिशवी महाग पडते. १९७० मध्ये विरळ लागवडीचा जो हिशेब संकराच्या बाजूने होता, तोच आता त्याच्या विरुद्ध उभा आहे. सरळ वाणांकडे परतण्याची चर्चा कोरडवाहू विदर्भात म्हणूनच सुरू झाली आहे, आणि ती मला योग्य वाटते.

‘संकर-४’ शेतांतून केव्हाच गेला. तरीही पुष्कळ वर्षे केंद्र सरकार लांब धाग्याच्या कापसाचा आधारभाव ‘एच-४’ या नावानेच जाहीर करीत असे. त्याचा धाकटा भाऊ, सुरतचाच १९८० चा ‘संकर-६’, याचीही तीच गत. तो वाण आता बीटी संकरांपुढे नाममात्र उरला आहे, पण राजकोटपासून मुंबईपर्यंत गुजराती रुईचा भाव आजही ‘शंकर-६’ म्हणूनच बोलला जातो. ‘संकर’चे ‘शंकर’ व्यापाऱ्यांनी केव्हा केले कोणास ठाऊक. गाठीत असतो तो भलत्याच संकरांचा एकत्र पिंजलेला कापूस, ज्यातल्या एकाचेही वर्णनपत्र त्या नावाशी जुळणार नाही.